जंगलाची हद्द : रूझवेल्टपासून नागझिऱ्यापर्यंत

भंडारा जिल्ह्यात साकोलीहून नागझिऱ्याकडे निघाले की पिटेझरीचे फाटक लागते. फाटकाच्या अलीकडे धानाच्या बांध्या, मोहाची झाडे आणि चरणारी गुरे. पलीकडेही मोहच आहे, ऐन, धावडा आणि तेंदूही तेच आहेत. पण तेथे फांदी तोडण्यास मनाई, गुरे चारण्यास मनाई आणि शिकारीस तर सक्त मनाई. माती एकच, पाऊस एकच, झाडे एकच. तरीही मधून एक हद्द जाते. ही हद्द निसर्गाने आखलेली नाही. ती सरकारी आदेशाने, नकाशावर आखलेली आहे.

या हद्दीमुळे आत वाघ, बिबट्या, गवा आणि रानकुत्रे टिकले. आणि याच हद्दीमुळे बाहेरच्या गावांची तेंदूपाने, मोहफुले, सरपण आणि चराई यांवर बंधने आली. हद्द आखणे योग्य होते का, आणि आखल्यावर काम संपले का, हे दोन्ही प्रश्न आपल्या भागात केवळ पुस्तकी नाहीत. त्यांची उत्तरे शोधताना एका अमेरिकन राष्ट्राध्यक्षाची कथा उपयोगी पडते. सरकारी आदेशाने जंगल, पक्षी आणि प्राणी राखण्याचा प्रयोग त्याच्याइतक्या मोठ्या प्रमाणावर त्यापूर्वी क्वचितच कोणी केला असेल. त्याचे यश आणि त्याच्या उणिवा, दोन्ही आपल्या जंगलात आजही पाहायला मिळतात.

दम्याचा रोगी, शिकारी आणि राष्ट्राध्यक्ष

थिओडोर रूझवेल्ट यांचा जन्म २७ ऑक्टोबर १८५८ रोजी न्यूयॉर्कमधील एका सधन घरात झाला. लहानपणी त्यांना दम्याचा तीव्र विकार होता. घराबाहेर फारसे खेळता येत नसल्याने मुलाने पुस्तके, पक्षी आणि कीटक यांच्यात मन रमवले. बाजारात पाहिलेल्या मेलेल्या सील माशाची (हा मासा नव्हे, सस्तन प्राणी) कवटी मिळवून त्याने घरातच एक छोटे संग्रहालय थाटले. पुढे व्यायामाने शरीर कमावले, हार्वर्ड विद्यापीठात शिक्षण घेतले आणि तरुणपणीच राजकारणात प्रवेश केला.

१४ फेब्रुवारी १८८४ या एकाच दिवशी त्यांची आई आणि पत्नी, दोघींचा मृत्यू झाला. या आघातानंतर ते पश्चिमेकडील डाकोटा प्रांतातील ओसाड माळावर गुरांचा व्यवसाय करायला गेले. तेथे त्यांनी दोन गोष्टी जवळून पाहिल्या. एकेकाळी कोटींच्या संख्येने असलेला बायसन हा रानटी बैल कातड्यासाठी आणि हौसेखातर मारला जाऊन १८८० च्या दशकाच्या अखेरीस हजाराच्या आसपास उरला होता. आणि कुरणाच्या कुवतीपेक्षा जास्त गुरे चारल्याने गवत संपत चालले होते. १८८६-८७ चा हिवाळा कडक निघाला आणि चाऱ्याअभावी आधीच खंगलेली गुरे हजारोंनी मेली. रूझवेल्ट यांचेही मोठे नुकसान झाले. ‘सर्वांचे ते कुणाचेच नाही’ असे झाले की काय होते, हा धडा त्यांना तेथे मिळाला.

ते स्वतः हौशी शिकारी होते आणि अखेरपर्यंत शिकारी राहिले, हे लपवण्याचे कारण नाही. पण १८८७ मध्ये त्यांनी काही शिकारी मित्रांसह एक मंडळ स्थापन केले आणि प्राण्यांच्या संरक्षणासाठी कायदे व्हावेत म्हणून खटपट सुरू केली. सप्टेंबर १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांची हत्या झाली आणि उपाध्यक्ष असलेले रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले. मार्च १९०९ पर्यंत ते त्या पदावर होते.

बड्या कंपन्यांच्या मक्तेदारीवर खटले, भेसळ रोखणारा १९०६ चा अन्न व औषध कायदा, कोरड्या प्रदेशात सिंचनासाठी १९०२ चा कायदा, ही त्यांची इतर कामे. या सर्वांमागे एकच विचार दिसतो : देशाची संपत्ती मूठभरांच्या तत्काळ नफ्यासाठी नाही. जंगलांना त्यांनी हाच विचार लावला.

एका बेटापासून सुरुवात

त्या काळी पाश्चात्त्य स्त्रियांच्या टोप्यांवर पक्ष्यांची पिसे लावण्याची फॅशन होती. बगळ्यांची विणीच्या काळातील शोभिवंत पिसे सर्वांत महाग. म्हणजे पक्षी मारायचा तो घरट्यात पिले असताना. पिले मग आपोआप मरत. फ्लोरिडातील पेलिकन आयलंड या छोट्या बेटावर पाणकोळ्यांची मोठी वसाहत होती आणि तीही बंदुकीच्या टप्प्यात आली होती. १४ मार्च १९०३ रोजी रूझवेल्ट यांनी एका आदेशाने हे बेट पक्ष्यांसाठी राखीव केले. जमीन सरकारी होती आणि असा आदेश काढण्यास मनाई करणारा कोणताही कायदा नव्हता. एवढा आधार त्यांना पुरला.

आदेश निघाला, पण रखवालदाराच्या पगाराची सरकारी तरतूद नव्हती. पक्षिप्रेमींच्या संघटनेने महिना एक डॉलर एवढे नाममात्र वेतन देऊन त्या बेटाजवळच राहणाऱ्या एका माणसाला नेमले. फ्लोरिडातच गाय ब्रॅडली नावाच्या दुसऱ्या रखवालदाराला १९०५ मध्ये पिसांसाठी शिकार करणाऱ्यांनी गोळी घालून ठार केले. हद्द कागदावर आखता येते. ती जमिनीवर माणसाला उभे राहून सांभाळावी लागते.

हे आपल्याकडेही तितकेच खरे आहे. एप्रिल २०२१ मध्ये नागझिरा परिसरातील वणवा विझवताना हंगामी वनमजूर होरपळून मृत्युमुखी पडले. अभयारण्याचा नकाशा पाहताना ही माणसे नजरेआड होऊ नयेत.

मुद्दल आणि व्याज

पक्ष्यांचे बेट राखणे एक, आणि लाकूड देणारे जंगल राखणे दुसरे. येथे रूझवेल्ट यांना साथ मिळाली गिफर्ड पिंचॉट या वनाधिकाऱ्याची. १९०५ मध्ये अमेरिकेची वनसेवा सुरू झाली आणि पिंचॉट तिचे पहिले प्रमुख झाले. हे पिंचॉट वनशास्त्र शिकायला युरोपात गेले, तेव्हा त्यांना मार्गदर्शन केले ते डिट्रिख ब्रँडिस यांनी. हे नाव भारताच्या वन-इतिहासातले आहे.

ब्रँडिस मूळचे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ. १८५६ मध्ये ब्रिटिशांनी त्यांना ब्रह्मदेशातील सागाच्या जंगलांवर नेमले आणि १८६४ मध्ये ते भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. जंगलात साग किती आहे, याचा तेव्हा कोणालाच अंदाज नव्हता. ब्रँडिस हत्तीवर बसून ठरलेल्या रेषेत जंगल पार करीत. हातात बांबूचे चार तुकडे असत. झाडांच्या जाडीचे चार गट आणि प्रत्येक गटाला एक तुकडा. साग दिसला की त्याच्या जाडीनुसार त्या तुकड्यावर एक खाच. दिवसाच्या अखेरीस खाचा मोजल्या की कोणत्या वयाची झाडे किती, याचा अंदाज येई. नमुना घेऊन संपूर्णाचा अंदाज बांधण्याची ही पद्धत आजही विद्यार्थ्यांना शाळेजवळच्या झाडोऱ्यात करून पाहता येईल.

मोजणी कशासाठी? जंगल हे मुद्दल आणि दरवर्षीची वाढ हे व्याज मानले, तर फक्त व्याज खर्च करायचे, मुद्दलाला हात लावायचा नाही, हे वनशास्त्राचे मूळ तत्त्व. समजा, एखादे झाड तोडण्यायोग्य व्हायला ८० वर्षे लागतात. तर जंगलाचे ८० भाग पाडायचे आणि वर्षाला एकच भाग तोडून तेथे पुन्हा झाडे वाढू द्यायची. ८० वर्षांनी पहिल्या भागात परत याल, तेव्हा तेथे पुन्हा पक्व झाडे उभी असतील. प्रत्यक्षात हिशेब याहून गुंतागुंतीचा असतो, पण गाभा हाच.

दुसरे कारण पाण्याचे. जंगलातल्या जमिनीवर पालापाचोळ्याचा थर असतो. तो पावसाच्या थेंबाचा मार सोसतो. मुळांनी आणि किड्यांनी पोखरलेली माती पाणी मुरवून घेते. झाडे गेली की तेच पाणी माती घेऊन वेगाने खाली धावते. भंडारा हा तलावांचा जिल्हा. टेकड्यांवरचा झाडोरा विरळ झाला की गाळ खालच्या तलावात येतो, तलावाची पाणी धरण्याची क्षमता घटते आणि शेवटच्या पाण्याला धान मुकतो. हे आपल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. अमेरिकेतील १८९७ च्या वनकायद्यातही लाकडाबरोबर पाण्याचा प्रवाह राखणे हा उद्देश नमूद होता.

मार्च १९०७ ची धावपळ

पश्चिमेकडील राज्यांतील लाकूड आणि खाण व्यवसायाला ही राखीव जंगले नको होती. १९०७ मध्ये तेथील प्रतिनिधींनी खर्चाच्या एका विधेयकाला पुस्ती जोडली : सहा राज्यांत यापुढे राष्ट्राध्यक्षाला नवे राखीव जंगल घोषित करता येणार नाही. विधेयकावर सही करणे भाग होते, कारण सरकारचा खर्चच त्यावर अवलंबून होता. सहीला काही दिवसांची मुदत होती. त्या दिवसांत पिंचॉट यांच्या कचेरीने रात्रंदिवस नकाशे तयार केले आणि रूझवेल्ट यांनी सुमारे १ कोटी ६० लाख एकर जंगल राखीव केले. मग त्यांनी विधेयकावर सही केली.

विरोधक संतापले. लोकप्रतिनिधींच्या इच्छेला वळसा घालणे योग्य का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो निरर्थक नाही. १९०६ च्या पुरातन वस्तू कायद्याचाही त्यांनी असाच रुंद अर्थ लावला. प्राचीन अवशेषांसाठी केलेल्या त्या कायद्याखाली त्यांनी जानेवारी १९०८ मध्ये ग्रँड कॅन्यन ही प्रचंड घळ ‘राष्ट्रीय स्मारक’ म्हणून राखली.

कारकीर्दीच्या अखेरीस हिशेब असा होता : १५० राष्ट्रीय वने, ५१ पक्षी राखीव क्षेत्रे, ४ वन्यप्राणी राखीव क्षेत्रे, ५ राष्ट्रीय उद्याने आणि १८ राष्ट्रीय स्मारके. एकूण सुमारे २३ कोटी एकर. म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण तिप्पट क्षेत्र.

भंडाऱ्यातील हद्द

आता आपल्याकडे येऊ. ब्रिटिश काळात भंडाऱ्याची बरीच जंगले मालगुजार आणि जमीनदारांच्या मालकीची होती. हा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. मालकी हक्क संपुष्टात आणणाऱ्या १९५० च्या कायद्याने १९५१ मध्ये ही जंगले आणि तलाव सरकारकडे आले. १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९७० मध्ये नागझिरा अभयारण्य आणि १९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले. दरम्यान १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९७३ चा व्याघ्र प्रकल्प आला. सत्ता आणि निसर्गाची आवड एकाच व्यक्तीत असण्याचा योग भारतात इंदिरा गांधींच्या रूपाने आला, असे म्हणता येईल.

१९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. नवेगाव आणि नागझिऱ्याचा मोठा भाग तिकडे गेला. पिटेझरीची बाजू आणि पुढे झालेले कोका अभयारण्य भंडाऱ्यात राहिले. डिसेंबर २०१३ मध्ये ही सर्व क्षेत्रे मिळून नवेगाव-नागझिरा हा राज्यातील पाचवा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला.

नवेगावचा तलाव मात्र कोणत्याही वनकायद्याहून जुना आहे. कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात टेकड्यांमधील खिंडी बांधून तो तयार केला आणि लोकांनी त्यांना देवत्व देऊन कोलासूर म्हणून पुजले. या तलावाकाठी वनाधिकारी म्हणून आलेले मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी येथील पक्ष्यांचा आणि जंगलाचा अभ्यास केला. शास्त्राचे शिक्षण त्यांनी कोइमतूरला घेतले होते. पण येथील पाखरांची नावे, माशांच्या सवयी आणि रानवाटा त्यांना कळल्या त्या नवेगावच्या माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या माणसांकडून. हे ऋण त्यांनी आपल्या लेखनात मोकळेपणाने मान्य केले आहे. पिंचॉट यांना ब्रँडिस भेटले. चितमपल्लींना गावचा पाटील भेटला. दोन्ही प्रकारच्या ज्ञानाची जंगलाला गरज असते.

हद्दीबाहेर जाणारा वाघ

आता हद्दीची पहिली मर्यादा पाहू. वाघाचा बछडा सुमारे दोन वर्षांचा झाला की आईपासून वेगळा होतो आणि स्वतःचे क्षेत्र शोधू लागतो. जवळची क्षेत्रे आधीच दुसऱ्या वाघांनी व्यापलेली असतात. म्हणून तरुण नराला दूर जावेच लागते. ‘जय’ नावाने गाजलेला वाघ २०१३ मध्ये नागझिऱ्यातून निघाला आणि उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात जाऊन स्थिरावला. मध्ये शेते, रस्ते, गावे आणि वैनगंगा नदी आहे. २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला आणि पुन्हा सापडला नाही.

हा प्रवास वाघाची लहर नव्हे, गरज आहे. एखादे जंगल चारी बाजूंनी तुटून बेटासारखे झाले, तर तेथील थोड्या वाघांत पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यात प्रजनन होते आणि वंश दुबळा होतो. एखादी साथ किंवा शिकाऱ्यांची टोळी आली, तर रिकामी झालेली जागा भरून काढायला बाहेरून कोणी येऊ शकत नाही. मे २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडाव्या लागल्या, यावरून वाघ वाढवणे किती कठीण असते याची कल्पना येते. नागझिरा आणि नवेगाव यांच्यामधून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. तेथे वाघाला ओलांडायला वाट राहते का, हा प्रश्न अभयारण्याच्या हद्दीइतकाच महत्त्वाचा आहे. पेलिकनचे बेट राखले की काम भागले. वाघाला बेट पुरत नाही, त्याला बेटांमधले पूल लागतात.

हद्दीत न येणारा सारस

दुसरी मर्यादा सारस दाखवतो. माणसाच्या उंचीचा हा क्रौंच महाराष्ट्रात आता मुख्यतः गोंदिया-भंडारा भागातच वीण करतो. तो घरटे बांधतो ते तलावाच्या काठच्या वनस्पतीत किंवा चक्क धानाच्या बांधीत. त्याच्यासाठी अभयारण्य कुठे आखणार? शेतकऱ्याने घरट्याभोवतीचा धान थोडे दिवस राखला, कीटकनाशक जपून वापरले आणि विजेच्या तारांपासून धोका कमी केला, तरच तो वाचतो. येथे रूझवेल्ट यांचा आदेश चालत नाही. शेतकऱ्याची मर्जी चालते. त्यामुळे होणारे नुकसान भरून देण्याची तयारीही समाजाने ठेवली पाहिजे.

हद्दीतली आणि काठावरची माणसे

तिसरी मर्यादा सर्वांत अवघड. रूझवेल्ट यांच्या काळात १९०८ मध्ये माँटाना राज्यात बायसनसाठी मोठे राखीव क्षेत्र झाले. बायसन वाचले, हे खरे. पण ती जमीन तेथील मूळ रहिवासी जमातींची होती आणि ती त्यांची संमती न घेता काढून घेतली गेली. शंभराहून अधिक वर्षांनी, डिसेंबर २०२० मध्ये झालेल्या कायद्याने ती त्या जमातींना परत मिळाली. आता बायसन त्यांच्याच देखरेखीखाली चरतात.

आपल्याकडे १८७८ चा वनकायदा होण्यापूर्वी याच प्रश्नावर वाद झाला होता. गावांना त्यांची स्वतःची जंगले राहू द्यावीत, असे ब्रँडिस यांचे म्हणणे होते. सरकारची मालकी निर्विवाद असावी, असे त्यांच्या सहकाऱ्यांचे. दुसरे मत वरचढ ठरले. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे मान्य केले आणि ग्रामसभेला सामूहिक हक्क दिले. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये असे हक्क मिळाले आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना देऊ लागली. जंगल ज्याच्या पोटाशी जोडलेले आहे, त्याला हिशेब दिला तर तोही मुद्दल राखतो.

याचा अर्थ हद्द नको असा नाही. मोह वेचायला बाया पहाटे वाकून काम करतात आणि नेमक्या त्याच वेळी वाघ फिरत असतो. मोहाखालचा पाला पेटवला की वणवा लागतो. दाट वस्ती आणि वाघ एका जागी सुखाने नांदतील, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. म्हणून काही जागा फक्त प्राण्यांसाठी हव्यातच. पण कोणती जागा, किती आणि त्याची किंमत कोणी मोजायची, हे ठरवताना काठावरच्या माणसाला विचारले पाहिजे. त्याची संमती मिळवायला वेळ लागतो. मार्च १९०७ ची घाई तेथे चालत नाही.

वर्गात करण्याजोगे

तालुक्याचा नकाशा घ्या. जंगल, तलाव, नद्या, रस्ते आणि वस्त्या रंगवा. मग विद्यार्थ्यांचे चार गट करा : वनाधिकारी, धान पिकवणारा शेतकरी, तेंदूपाने तोडणारी मजूर बाई आणि चौथा गट वाघ. प्रत्येक गटाने आपल्याला सोयीची हद्द वेगळ्या रंगाने आखावी. नंतर चारही नकाशे एकावर एक ठेवून उजेडात धरा. रेषा जेथे जुळतात, तेथे काम सोपे आहे. जेथे जुळत नाहीत, तेथे चर्चा करा आणि तोडगा काढताना प्रत्येक गटाने काय सोडले, ते फळ्यावर लिहा.

रूझवेल्ट यांनी पुढच्या पिढ्यांचा वाटा राखून ठेवला, म्हणून आज अमेरिकेत ती जंगले उभी आहेत. त्यांच्या नकाशावर जी माणसे दिसली नाहीत, ती आपल्या नकाशावर दिसावीत, एवढी काळजी आपल्याला घ्यायची आहे.